पत्र्याच्या धारवाल्याची पाठ

मी एक जुना धारवाला आहे. सुऱ्या-कात्र्यांना धार लावून देणारा. खरा माणूस नाही, पत्र्याचा. उंची वीतभर, डोक्यावर टोपी आणि मिशी एका बाजूला वर सरकलेली. छापताना कुणाचा तरी हात हलला असणार, दुसरं काय! तेव्हापासून मी कितीही चिडलो तरी लोकांना वाटतं, हा हसतोय. आणि मित्रांनो, मी लवकर चिडतो. आधीच सांगून ठेवतो.

तुम्ही म्हणाल, धार लावणारं खेळणं? त्यात कसली आलीय मजा? जरा थांबा. माझ्या कमरेत किल्ली आहे, ती फिरवा. मग पायाजवळचा खटका सोडा. माझा पाय खाली-वर होतो, समोरचं चाक गरगर फिरतं, मी हातातली सुरी चाकाला टेकवतो आणि ठिणग्या उडतात. खऱ्या! चाकामागे गारगोटीचा खडा बसवलाय, तो घासला जातो. अंधार केलात तर तोंडाचा आ होईल.

मी जन्मलो डबे बनवणाऱ्या कारखान्यात. तिथे पत्र्याच्या सपाट तक्त्यावर आधी माझं चित्र छापलं. डोळे, टोपी, सदऱ्याच्या निळ्या रेघा, पाठीवरचं ठिगळसुद्धा. मग मला कापलं, साच्यात दाबलं, वाकवलं, आणि पुढची बाजू न् मागची बाजू एकमेकींत अडकवली. म्हणजे बघा, तुमच्या घरच्या कपाटाला आधी आकार मिळतो, मग रंग. माझं उलटं. माझा रंग आधीचा, अंग नंतरचं. हे नीट लक्षात ठेवा. पुढे याच्यावरूनच सगळा गोंधळ झाला.

मी एका घरात गेलो. तिथल्या मुलाने मला जेवणाच्या टेबलावर चालवलं, पलंगाखाली चालवलं, आजारी पडला तेव्हा पांघरुणात चालवायला निघाला आणि त्याच्या आईचा धपाटा खाल्ला. एक दिवस त्याने मला पडद्याजवळ सोडलं. पडद्याला भोक पडलं. आगबिग नाही, बोट जाईल एवढं भोक. पण त्याच्या आईने घर डोक्यावर घेतलं. असे पडदे बऱ्याच घरांत जळले म्हणे. तक्रारी गेल्या. कारखान्याने दुकानांतून माझे सगळे भाऊ परत मागवले आणि चेपून त्यांचा पुन्हा पत्रा केला.

म्हणून मी दुर्मिळ. माझ्यात काही खास होतं म्हणून नाही. बाकीचे उरले नाहीत म्हणून.

त्या मुलाने मला कापसात गुंडाळलं आणि खोक्यात घालून कपाटावर ठेवलं. मग तो मोठा झाला, म्हातारा झाला, आणि एक दिवस घरात परक्या लोकांचे आवाज आले. "हे ठेवायचं की द्यायचं?" "दे रे, कोण बघतंय!" मला दिलं.

कुठे? तर जुन्या वस्तूंच्या दुकानात. लोक घरातलं नको झालेलं तिथे फुकट देतात आणि दुकान ते स्वस्तात विकतं. चांगलं काम आहे, माझी काही तक्रार नाही. तक्रार एवढीच की तिथल्या बाईने किमतीची चिकटपट्टी थेट माझ्या पाठीवर मारली. माझ्या पायांखालच्या पत्र्यावर मारली असती तर हात झिजले असते का? वर अंगठ्याने घासून घासून पक्की केली. किंमत? एका चहात मी आलो असतो, वर सुट्टे परत. डावीकडे झाकण नसलेला मिक्सर, उजवीकडे एकटा बूट. मी हसतोय.

तिथे वहिनी आली.

वहिनी कपडे उसवून-शिवून मापात करून द्यायची. तिचा नवरा गाड्यांच्या गॅरेजमध्ये पेंटर. गॅरेजमधली सगळी पोरं तिला वहिनी म्हणायची, म्हणून ती वहिनी. ती दुकानात जुने कोट बघायला यायची. कोट नको असायचा, बटणं हवी असायची. त्या दिवशी बटणं चाचपता चाचपता तिची नजर माझ्यावर आली. तिने मला उचललं, उलटं केलं, शिवण बघावी तशी माझी कड बघितली आणि पुटपुटली, "काम नेटकं आहे हं."

तेवढ्यात मागून एक हात आला.

"ताई, ते घेताय का तुम्ही?"

एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा कपाळावर. जुनी खेळणी जमवणारा माणूस होता तो. मी त्याला चष्मेवाला म्हणेन. त्याचा आवाज अगदी शांत होता, पण हात कापत होता. वहिनीला आवाज ऐकू आला आणि हातही दिसला.

"घेतेय," ती म्हणाली. खरं तर तोवर घेत नव्हती.

पैसे देऊन ती बाहेर पडली. हा मागोमाग फुटपाथवर.

"ताई, भाचीसाठी घेतलं असतं मी. पट्टीवरच्या किमतीच्या दहापट देतो. आत्ता, रोख."

"दहापट?" वहिनी थांबली. "एवढी लाडकी भाची?"

"आहे लाडकी."

"मग तिला नवीन घ्या की. हे गंजेल."

चष्मेवाल्याला कळलं की ही काही भुलणार नाही. तो निघाला, चार पावलं गेला आणि परत आला. या वेळी आवाजही कापत होता. "बरं, नका देऊ. पण एक ऐका. त्याला काही करू नका. पुसू नका, घासू नका. आहे तसं राहू द्या. हात जोडतो."

मित्रांनो, ही त्याची दोन वाक्यं. पहिलं खोटं, दुसरं खरं. पण माणूस एकदा खोटं बोलताना दिसला की त्याचं खरं कोण ऐकणार?

घरी गेल्यावर वहिनीने मला टेबलावर ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "तो दहापट देत होता. म्हणजे हजारपटीचं असणार. अहो, तुमचा कंप्रेसर आहे हा."

कंप्रेसर म्हणजे रंग फवारायला हवा भरणारं यंत्र. पेंटरकडे हात होता, नजर होती, यंत्र नव्हतं. यंत्र गॅरेजच्या मालकाचं, म्हणून पेंटरही मालकाचा. मालक गिऱ्हाइकांसमोर त्याला "ए ब्रश" म्हणून हाक मारायचा. गल्लीच्या टोकाला एक पत्र्याची शेड भाड्याने मिळत होती. तिचा मालक महिनाअखेरपर्यंत थांबणार होता. शेड आणि स्वतःचा कंप्रेसर, एवढंच पेंटरला आयुष्यात हवं होतं. ते आता टेबलावर बसून मिशीत हसत होतं.

"लिलावघरात नेऊ," वहिनी म्हणाली. "तिथे बोली लावून विकतात. येतानाच फोन केला, सोमवारी दाखवायला बोलावलंय."

"असंच न्यायचं?" पेंटरने मला उजेडात धरलं. "पाठीवर पट्टी, टोपीवर ओरखडा. अगं, गाडी विकायला काढली तर आपण आधी काय करतो?"

"तो चष्मेवाला म्हणाला, हात लावू नका."

"म्हणणारच! घाणेरडं दिसलं तरच त्याला स्वस्तात मिळणार ना?"

वहिनीने पट्टीवरून नख फिरवलं. मग म्हणाली, "हो की. पक्का दिसतोय."

कोपऱ्यात बसलेली सासू म्हणाली, "मेलं टक लावून बघतंय माझ्याकडे. काय करायचं ते करा आणि काढा घरातून."

मला ओरडायचं होतं. पण पत्र्याची तोंडं छापलेली असतात.

रविवारी दुपारी पेंटरने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं. वर मांडामांड केली: थिनरचा डबा, फडकं, पॉलिश पेपर, तीन छोट्या डब्यांत रंग. हा माणूस वाईट नव्हता हो. तेच तर दुखतं. त्याने हात धुतले, बाही वर केली, मला असं हळू उचललं की तसं इतक्या वर्षांत कुणी उचललं नव्हतं.

आधी पट्टी. नखाने निघाली, पण गोंद राहिला. पेंटरने फडकं थिनरमध्ये बुडवलं आणि गोंदावर फिरवलं. गोंद निघाला. त्याच्याबरोबर माझं ठिगळही निघालं. छापलेलं ठिगळ, मघाशी सांगितलं ते. फडक्यावर निळा डाग आला.

"अरेच्चा!" पेंटर म्हणाला.

तिथेच थांबला असता तर! पण गाड्यांच्या पेंटरला एक सवय असते. रंगाचा टवका उडाला की तेवढंच भरून चालत नाही, कड दिसते. म्हणून आजूबाजूचंही घासायचं, कड मोडायची, सपाट करायचं. हात आपोआप चालतो. त्याने पॉलिश पेपर घेतला. खर्र, खर्र. माझ्या निळ्या रेघा गेल्या. डावा खांदा गेला. खालून पांढरा पत्रा चमकायला लागला आणि पेंटर चक्क खूश झाला. "बघ, गंज अजिबात नाही. मस्त बसेल प्रायमरचा पहिला हात."

"सगळाच रंगवणार?" वहिनीने शिलाई मशीनवरून मान वर केली.

"आता सगळाच. पण आधी चालतो का बघू. गाडी चालवून बघायची, मग रंगाला घ्यायची."

त्याने किल्ली धरली.

मित्रांनो, डोळ्यांसमोर आणा. थिनर पेट्रोलसारखं पेटतं, आणि त्याचा डबा उघडा. झाकण कुठे गेलं, देव जाणे. फडकं ओलं, माझ्या चाकापासून वीतभर लांब. खिडकी बंद, कारण धूळ येते. थिनरच्या वासाने सासू दोनदा खोकली होती. आणि हा बाबा किल्ली फिरवतोय! माझी स्प्रिंग आवळत चालली. एवढी वर्षं मी वाट बघितली होती की कुणीतरी किल्ली द्यावी, आणि आता एकच म्हणत होतो, तूट. स्प्रिंगबाई, तूट. नाहीतर गंज. गारगोटी, तू निखळून पड.

स्प्रिंग कसली तुटतेय! चांगल्या मालाची होती.

किल्ली घट्ट झाली. त्याने अंगठा खटक्यावर ठेवला.

"अहो, जेवायचं काय करायचं?" वहिनीने विचारलं.

"हं?" अंगठा तसाच.

"सकाळचं आहे ते गरम करू?"

"कर ना." अंगठा अर्धा उचलला, पुन्हा टेकवला. "नाहीतर थांब, आधी हे बघ. गंमत आहे."

आणि सोडला.

पाय हलला. चाक फिरलं. पहिल्या फेऱ्याला काही नाही. दुसऱ्याला नुसती खरखर. मला वाटलं, सुटलो. तिसऱ्याला ठिणगी उडाली. पेंटर "अगं बघ, बघ..." एवढंच म्हणाला आणि फडक्याने पेट घेतला. निळसर, चोरासारखा जाळ. आवाज न करता तो वर्तमानपत्रावर आला आणि डब्याकडे निघाला.

आता काय उचलायचं? एका बाजूला डबा, एका बाजूला मी, मध्ये जाळ. पेंटरचे दोन्ही हात पुढे आले. क्षणभर त्याने माझ्याकडे बघितलं. शेड, कंप्रेसर, सगळं माझ्या अंगावर बसलेलं त्याला दिसत होतं. मग त्याने जळतं फडकं उजव्या मुठीत धरलं आणि डाव्या हाताने डबा जमिनीवर सरकवला. मला तिथेच सोडलं. वहिनी किंचाळली. तेवढ्यात सासू बाल्कनीतून धुतलेली ओली चादर घेऊन आली आणि तिने ती अख्खी टेबलावर टाकली. माझ्यासकट.

चादरीखाली अंधार होता. माझ्यापर्यंत जाळ पोचलाच नव्हता. माझं चाक अजून फिरत होतं, हळूहळू. मग थांबलं.

"मी म्हटलं होतं, काढा घरातून," सासूचा आवाज आला. मग तिने लेकाचा हात बघितला असणार, कारण लगेच नळ सोडल्याचा आवाज आला.

तळहात भाजला होता. डॉक्टरने पट्टी बांधली.

संध्याकाळी सगळं आवरल्यावर वहिनी हळूच म्हणाली, "अहो, पाठीपुरता रंग जुळवता येईल का? तुम्ही तर कुठल्याही गाडीचा रंग जुळवता. डाव्या हाताने?"

पेंटरने डाव्या हातात बारका ब्रश घेतला. माझी पाठ डोळ्यांजवळ नेली. खूप वेळ बघत राहिला. उरलेल्या रेघा, त्यांच्या कडा, ठिपके. मग ब्रश खाली ठेवला.

"नाही जमणार."

"हात दुखतोय?"

"हात नाही गं. हा वरून लावलेला रंगच नाही. छापलाय. ठिपके बघ. मी काहीही लावलं तरी ते वरून लावलेलंच दिसणार." तो खुर्चीत मागे टेकला. "तो चष्मेवाला खरं बोलत होता की काय?"

वहिनीने मला फडक्यात गुंडाळलं.

सोमवारी लिलावघराचा जिना चढताना ती म्हणाली, "तुम्ही काही बोलू नका. मी बोलते."

किंमत ठरवणाऱ्या बाईच्या हातात सुती मोजे होते आणि गळ्यात भिंग. तिने मला पुढून बघितलं. भिंग डोळ्याला लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "मिशी सरकलेली आहे," ती कुजबुजली. "सुरुवातीच्या छपाईतला आहे हा. मी फक्त फोटोत बघितला होता." पेंटरची खुर्ची करकरली.

मग तिने मला फिरवलं. 

"हे कधीचं?"

"असंच होतं," वहिनी म्हणाली. "दुकानातून असंच मिळालं."

बाईने मला नाकाशी नेलं. वास घेतला. वहिनीकडे बघितलं, मग पेंटरच्या पट्टीकडे.  तिची ती नजर मला त्या जाळापेक्षा वाईट वाटली.

"मी घासलं," पेंटर म्हणाला. "काल. हिने आणलं तेव्हा चांगलं होतं. मला वाटलं, चकाचक केलं तर भाव येईल."

"अहो..."

"राहू दे गं. वास येतोय त्यांना."

बाईने मान हलवली. घासला नसता तर किंमत काय आली असती ते तिने सांगितलं. पेंटरने डाव्या हाताने खुर्चीची कड धरली. शेड, नवा कंप्रेसर, वर वहिनीला नवं मशीन, सगळं त्यात बसलं असतं. "आणि आता?" वहिनीने विचारलं.

"तिसरा हिस्सा आला तरी नशीब. आणि पुकारताना हे सगळ्यांना सांगावं लागेल."

लिलावाच्या दिवशी सांगितलंच. मला उंच टेबलावर ठेवलं होतं, समोर माणसंच माणसं. पुकारणारा मोठ्याने म्हणाला, "पाठीवर अलीकडे घासल्याची खूण आहे." माणसांनी माना वळवल्या, वह्या मिटल्या. दोघं उठून गेले. शेवटच्या रांगेत पेंटर आणि वहिनी. हात ठणकत होता म्हणून पेंटरने तो वर धरला होता.

"खाली घ्या तो," वहिनी दबक्या आवाजात म्हणाली. "तुमचीच बोली धरतील."

बोली सुरू झाली. पहिली फार खालची. मग थांबली. पुकारणारा हातोडी उचलतोय असं वाटलं, तेवढ्यात फोनवरून कुणीतरी वाढवली. मग पुढच्या रांगेतून एक हात उठला. ओळखीचा, कापणारा. चष्मेवाला! फोन, चष्मेवाला. फोन, चष्मेवाला. वहिनीचे ओठ हलत होते. शेडचं भाडं निघालं. आता जुना कंप्रेसर निघाला. आता... फोन गप्प झाला.

"आणखी कुणी?"

वहिनीने डोळे मिटले. कुणीच नाही. हातोडी पडली.

मला खोक्यात घालताना तिघंही त्या टेबलाशी आले. चष्मेवाल्याने माझ्या पाठीवरून बोट फिरवलं आणि त्याचे डोळे भरून आले. "मी सांगितलं होतं ना, हात लावू नका!"

"सांगितलं होतंत," वहिनी म्हणाली. "पण त्याआधी भाचीचं सांगितलं होतंत. आहे का भाची?"

त्याने नाही म्हणून मान हलवली.

"मग आम्ही कुठलं खरं धरायचं होतं?"

चष्मेवाल्याने कपाळावरचा चष्मा काढला, पुसला, परत कपाळावर ठेवला. "चुकलंच," तो म्हणाला. "तेव्हाच खरी किंमत सांगितली असती, तर याची पाठ वाचली असती."

खोक्याचं झाकण लागत होतं. बाहेर पेंटर म्हणत होता, "नवा नाही येणार. जुनाच कंप्रेसर घ्यावा लागेल."

"घेऊ जुना. शेड तर मिळतेय," वहिनी म्हणाली. "पण एक सांगते, त्याला रंग द्यायचा नाही हं! आणला तसा ठेवायचा."

"अगं, कंप्रेसरला द्यावाच लागतो. नाही दिला तर गंजून फुटेल."

 मग वहिनी हसली. तो पण हसला. अंधारात, कापसात, मी तर छापल्यापासून हसतोच आहे.

मित्रांनो, आज मी काचेच्या कपाटात आहे. पाठ उघडीच आहे, तिच्यावर कुणी काही लावलेलं नाही. पेंटरवरचा माझा राग पूर्ण गेलाय असं म्हणणार नाही. पण त्याने मला मायेनेच घासलं, हेही मला माहीत आहे. म्हणून तुम्हाला सांगतो. कंप्रेसरला रंग लागतो, मला लागत नाही. कुणाला तेल हवं असतं, कुणाला नुसती सावली, आणि कुणाला फक्त हात लावायचा नसतो. तुमच्या हाती एखादी जुनी वस्तू आली, तर आधी हात मागे घ्या. ती कशाची आहे, कशी बनलीय, जाणत्याला विचारा. आणि तुम्हीच जाणते असाल, तर समोरच्याला पहिल्यांदाच खरं सांगा. माया करायला कुणाला शिकवावं लागत नाही. कशावर कशी करायची, ते मात्र जाणत्याला विचारूनच ठरवा.